बेड्या आहेत, छडी नाही

मुंबईत एखादी इमारत एकाच वेळी पडायला आलेली आणि ठणठणीत असू शकते. घरमालकाने नेमलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर येतो, खांबांवर हातोडी मारतो आणि लिहून देतो, सी-वन. म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा, पाडा. मग पागडीवाले भाडेकरू वर्गणी काढून आपला इंजिनिअर आणतात. तोही त्याच खांबांवर हातोडी मारतो आणि लिहून देतो, सी-टू-बी. म्हणजे घर सोडायची गरज नाही, दुरुस्ती केली की भागेल. खांब तेच, सळया त्याच, गळतीही तीच. बदलला तो फक्त फी देणारा.

महापालिकेला याची इतकी सवय झाली आहे की तिने त्यावर रीतसर सोय काढली आहे. टॅक नावाची तांत्रिक सल्लागार समिती. दोन अहवाल एकमेकांच्या उरावर बसले की प्रकरण टॅककडे जातं. टॅक बघते, बसते, निकाल देते. इमारतीचं काय ते ठरतं. भाडेकरूंचं ठरतं, घरमालकाचं ठरतं. दोघा इंजिनिअरांपैकी जो सपशेल चुकला त्याचं मात्र काहीच ठरत नाही. साहेब, हे असं कसं झालं, एवढंही कुणी त्याला विचारत नाही. आणि विचारणार तरी कुठे गाठून? तो तोवर पुढच्या गल्लीतल्या खांबावर हातोडी मारत असतो.

मतभेद असू शकतात, मान्य. एक सी-टू-ए म्हणाला आणि दुसरा सी-टू-बी, तर समजू शकतो. थोडा भाग रिकामा करायचा की नाही, एवढाच प्रश्न. पण एकाने बुलडोझर सुचवायचा आणि दुसऱ्याने रंगसफेदी, याला मतभेद म्हणत नाहीत. दोघांपैकी एकाला काम येत नाही, नाहीतर एकाला काम फार चांगलं येतं.

*

हातोडी म्हटली म्हणून सुताराची आठवू नका. रिबाउंड हॅमर म्हणजे एक नळकांडं असतं. त्याचं टोक काँक्रीटवर दाबलं की आतलं वजन सुटतं, आपटतं आणि उसळी घेतं. उसळी जेवढी मोठी तेवढा आकडा मोठा, आणि आकडा मोठा म्हणजे काँक्रीट मजबूत. त्यासाठी आधी गिलावा खरवडून काढायचा असतो. गिलाव्यावरच मारला तर गिलाव्याची तब्येत कळते, आणि गिलावा पडल्याने इमारत पडली असं अजून कुठे ऐकलेलं नाही.

गंमत पुढे आहे. या हॅमरविषयीचं भारतीय मानक स्वतःच सांगतं की यावरून काढलेली ताकद पंचवीस टक्के इकडे-तिकडे असू शकते. आणि जुन्या इमारतीत तर आकडा पन्नास टक्क्यांपर्यंत फुगू शकतो, कारण काँक्रीट वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत असतं. त्याने पृष्ठभाग कडक होतो आणि हॅमर खूश होतो. त्याच वेळी काँक्रीटचा क्षारपणा मरतो, सळईला मिळणारं संरक्षण जातं आणि आत गंज धरायला मोकळीक मिळते. थोडक्यात, ज्या रोगाने खांब मरतो त्याच रोगाने त्याचे परीक्षेतले मार्क वाढतात.

म्हणून नुसत्या हॅमरवर थांबायचं नसतं. खांबाला छोटं भगदाड पाडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारायचं. गुलाबी झालं तर क्षारपणा शिल्लक आहे, रंगच आला नाही तर सळईने रामराम म्हणायला सुरुवात केली आहे. अल्ट्रासॉनिक चाचणी आहे, हाफ-सेल चाचणी आहे. आणि सगळ्यात खरं म्हणजे कोअर: यंत्राने काँक्रीटचा दंडगोल कापून काढायचा आणि लॅबमध्ये दाबून फोडायचा. पण कोअरला पैसे पडतात. सोसायटीच्या सभेत तीन कोटेशनं येतात, त्यातल्या सगळ्यात स्वस्त कोटेशनवर ठराव पास होतो, अनुमोदन कोण देतंय हे बघायच्या आत. आदर्श उपविधी सांगतात, पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी. मुंबईत महापालिका कायद्याचं कलम ३५३-ब तिशी ओलांडलेल्या इमारतीकडे स्थैर्याचं प्रमाणपत्रच मागतं. कायद्याला प्रमाणपत्र हवं असतं, सोसायटीला स्वस्त हवं असतं, आणि बाजारात मागणीप्रमाणे पुरवठा होतो.

या स्वस्त अहवालाचं शेवटचं पान आवर्जून वाचा. सदर अहवाल केवळ दृश्य पाहणीवर आधारित असून, पाहणीच्या दिवशीच्या स्थितीपुरता मर्यादित आहे, न दिसणाऱ्या दोषांची जबाबदारी आमची नाही, वगैरे. दिसणारे दोष आम्हालाही दिसतात हो. वॉचमनला दिसतात. न दिसणारे बघण्यासाठीच तर तुम्हाला बोलावलं होतं.

*

आता विचारा, अशा सहीबहाद्दराची तक्रार करायची कुणाकडे?

वकिलाने गैरवर्तन केलं तर बार कौन्सिल आहे, १९६१ च्या कायद्याने. चार्टर्ड अकाउंटंटला १९४९ पासून संस्थेचा धाक आहे. दातांच्या डॉक्टरांसाठी १९४८ पासून कायदा आहे, औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टसाठीही १९४८ चा. आर्किटेक्टसाठी १९७२ चा. गुरांच्या डॉक्टरांसाठी १९८४ चा. म्हणजे म्हशीवर चुकीचा इलाज करणाऱ्याचं नाव नोंदवहीतून काढता येतं. त्या म्हशीच्या गोठ्याचा स्लॅब डिझाइन करणाऱ्याचं नाव काढायला देशपातळीवर नोंदवहीच नाही. गुजरातने भूकंपाचा मार खाल्ल्यावर २००६ मध्ये सिव्हिल इंजिनिअरांसाठी आपल्यापुरता कायदा केला. दिल्लीत इंजिनिअरांच्या विधेयकाचे मसुदे वर्षानुवर्षं फिरताहेत. मसुद्यांचंही कुणीतरी ऑडिट करायला हवं.

नाही म्हणायला पालिका आपापले परवाने देतात आणि काढूनही घेऊ शकतात. पण परवाना ज्या पालिकेचा, काळी यादीही त्याच पालिकेची. खाडीपूल ओलांडला की यादी पुन्हा पांढरीशुभ्र. इंजिनिअरांच्या संघटना आहेत, चांगलं काम करणारी माणसं त्यात आहेत, पण त्यांनी एखाद्याचं सभासदत्व काढलं तरी त्याची सही चालूच राहते. फार तर वार्षिक परिषदेचं जेवण बुडतं.

मग आपल्याकडे शिस्तीचं काम कोण करतं? पोलीस.

१४ मार्च २०१९ ची संध्याकाळ. सीएसएमटीला लागून असलेला हिमालय पूल ऐन गर्दीच्या वेळी चालत्या माणसांसकट खाली आला. सात जीव गेले. आधी पूल कुणाचा, रेल्वेचा की पालिकेचा, यावर तू तू मैं मैं झाली. मग कळलं की पुलाचं नुकतंच ऑडिट झालं होतं आणि त्यात तो किरकोळ दुरुस्तीच्या खात्यात बसला होता. चौथ्या दिवशी ऑडिटर अटकेत. फर्म काळ्या यादीत. पालिकेचे काही इंजिनिअर निलंबित, काही कोठडीत. त्याच फर्मने तपासलेले बाकीचे पूल पुन्हा तपासायला काढले. हे शेवटचं वाक्य परत वाचा. सात माणसं मेली म्हणून बाकीच्या पुलांवरच्या सहीची शंका आली. आदल्या दिवशी, १३ मार्चला, तीच सही सोन्याची होती.

अटक झाली ते योग्य की अयोग्य, हे कोर्ट बघेल. माझं दुखणं वेगळं आहे. फौजदारी कोर्टापुढे प्रश्न असतो, या माणसाच्या निष्काळजीपणानेच हे मृत्यू झाले का, आणि तेही संशयाला जागा न ठेवता. याला वर्षं लागतात. या पुलाला किती वेळ दिला, गंजलेला गर्डर बघायला खाली शिडी लावली का, अहवाल स्वीकारणाऱ्या साहेबाने तो उघडला तरी का, हे धंद्यातले प्रश्न धंद्यातल्याच चार जाणत्यांनी समोर बसवून विचारायचे असतात. ते विचारायला आपल्याकडे टेबल नाही, खुर्ची नाही.

महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला पडली. दहा वर्षांचीही नव्हती इमारत, सोळा जण गेले. गुन्ह्यात बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट. मालवणात राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पस्तीस फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, उद्घाटनाला नऊ महिनेही झाले नव्हते. स्ट्रक्चरल सल्लागाराने चॅनेलवाल्यांना सांगितलं की पुतळ्याशी माझा संबंध नाही, मी फक्त चौथऱ्याचं डिझाइन दिलं. पुढे त्याला अटक झाली. त्याचं म्हणणं खरंही असेल. मला माहीत असायचं कारण नाही. पण चौथरा एकाचा, पुतळा दुसऱ्याचा, आणि दोन्ही मिळून उभं राहील का हे कागदावर कुणाच्या सहीने ठरलं, हा प्रश्न पुतळा उभा असताना विचारणारा कुणीच नव्हता.

*

आता उलटा नमुना बघा. अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, हयात रीजन्सी हॉटेल, १७ जुलै १९८१. लॉबीत नाचाचा कार्यक्रम, वर छताला टांगलेले झुलते मार्ग. चौथ्या मजल्याचा मार्ग सुटला, खालच्या दुसऱ्या मजल्याच्या मार्गावर आदळला आणि दोन्ही माणसांवर पडले. ११४ मृत्यू.

कारण शाळेतल्या पोराला समजेल इतकं साधं. मूळ नकाशात छतापासून खालपर्यंत एकच लांब सळी होती आणि दोन्ही मार्ग तिला स्वतंत्रपणे अडकवलेले होते. एवढ्या लांब सळीला आटे पाडणं गैरसोयीचं, म्हणून पोलादाचं काम करणाऱ्या कंपनीकडून बदल आला: सळीचे दोन तुकडे करू. वरचा मार्ग छताला टांगू, खालचा वरच्याला. लोकलच्या दारात दोघं जण दांडा धरून लटकलेत तोवर प्रत्येकाच्या मनगटावर स्वतःचंच वजन असतं. दुसऱ्याने दांडा सोडून पहिल्याची कंबर धरली की पहिल्याच्या मनगटावर दोघांचं. इथे मनगट म्हणजे चौथ्या मजल्याच्या तुळईखालचा नट. चौकशीत निघालं की मूळ रचनासुद्धा शहराच्या नियमाला लागणाऱ्या ताकदीच्या साठ टक्क्यांवरच होती. बदलाने ती तिसाच्या आसपास आली. या बदलाच्या नकाशांवर इंजिनिअरांच्या कचेरीचा तपासल्याचा शिक्का होता. तपासलं कुणीच नव्हतं. आणि पूर्वसूचना मिळाली नाही असंही नाही: बांधकाम चालू असतानाच, १९७९ मध्ये, त्या लॉबीच्या छताचा एक तुकडा पडला होता. तेव्हाही सगळे जोड पुन्हा तपासल्याचा भरवसा देण्यात आला होता.

पुढे काय झालं ते बघा. फौजदारी खटला झालाच नाही. गुन्ह्याचा पुरावा नाही, असं सरकारी वकिलांनी ठरवलं. आपल्याकडे याला सुटले म्हणतात. पण मिझुरी राज्याच्या इंजिनिअर मंडळाने दोघांना खेचलं, फर्मचा प्रमुख जॅक गिलम आणि प्रकल्पाचं काम पाहणारा डॅनियल डंकन. दीर्घ सुनावणी झाली. १९८५ मध्ये घोर निष्काळजीपणा आणि व्यावसायिक गैरवर्तनाचा ठपका, १९८६ मध्ये त्या राज्यातला परवाना रद्द. ते वरच्या कोर्टात गेले. तिथेही मंडळाचाच निर्णय टिकला, आणि शिक्का मारणाऱ्याला जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, हे तत्त्वही. तो जोड आम्ही नव्हे, पोलादवाल्यांनी डिझाइन करायचा होता, ही त्यांची सबब बारगळली. गिलम नंतर वर्षानुवर्षं इंजिनिअरांपुढे उभा राहून आपल्या फर्मचं काय चुकलं ते सांगत राहिला. आपल्याकडे अशा माणसाला वकील तोंड उघडू देणार नाही, कारण पहिली तारीख अजून लागायची असते.

म्हणजे तिकडे बेड्या पडल्या नाहीत पण सही गेली. आपल्याकडे बेड्या पडतात आणि जामिनावर सुटलेल्याची सही जागच्या जागी असते.

तिकडचं सगळं आलबेल आहे असंही कुणी समजू नये. कॅनडातल्या एलियट लेक गावात एक मॉल होता, छतावर पार्किंग असलेला आणि जन्मापासून गळणारा. इतका की गावकरी त्याला अल्गो फॉल्स म्हणायचे, अल्गो धबधबा. २०१२ च्या मे महिन्यात एका इंजिनिअरने लिहून दिलं की रचना भक्कम आहे, गंज वरवरचा आहे. २३ जूनला छत कोसळलं, दोन बायका गेल्या. मागाहून चौकशी आयोगापुढे आलं की मालकाने सांगितलं म्हणून अहवालातून गळतीचा उल्लेख आणि ताडपत्रीचा फोटो काढून टाकला होता. आणि खरी कमाल म्हणजे, दुसऱ्या एका कामातल्या गैरवर्तनाबद्दल त्या इंजिनिअरचा परवाना आदल्याच वर्षी गेलेला होता! तरी तो पाहणीला गेला, भागीदाराची सही घेतली, आणि त्यानंतर अहवाल बदलला. फौजदारी कोर्टाने २०१७ मध्ये त्याला निर्दोष सोडलं. म्हणजे छडी असूनही माणूस निसटू शकतो. पण निदान त्याचं नाव आधीपासून नोंदीत होतं, शोधणाऱ्याला सापडलं असतं. तिथले इंजिनिअर शिक्षा झालेल्यांचे निकाल आपल्याच मासिकात छापतात. आपल्या इंजिनिअरांच्या मासिकांत मी पाहतो तेव्हा सत्कार असतात.

आणि जपान तर एक पाऊल पुढे. २००५ मध्ये उघड झालं की एक परवानाधारक भूकंपाची आकडेमोड खोटी करून हॉटेलं आणि निवासी इमारती कागदावर मजबूत दाखवत होता. एकही इमारत पडलेली नव्हती, एकही माणूस मेला नव्हता. परवाना त्याच वर्षी रद्द, पुढच्या वर्षी पाच वर्षांची कैद, आणि इमारतीचा कायदाच बदलला. प्रेत नसताना शिक्षा! आपल्याकडे ही कल्पना मांडली तर पंचनामा कशाचा करायचा, असं विचारतील.

*

इंजिनिअर मंडळी आता चिडली असतील, आणि त्यांच्या चिडण्यात तथ्य आहे. मंडळ नसण्याचा सगळ्यात जास्त मार प्रामाणिक इंजिनिअरच खातो. डॉक्टरांचं बघा. २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की निष्काळजीपणासाठी डॉक्टरमागे लागण्याआधी त्याच विषयातल्या निष्पक्ष जाणकाराचं मत घ्या, उठसूट अटक करू नका. इंजिनिअरला हे कवच नाही. स्लॅब पडला की वस्तीतले लोक दगड घेऊन येतात, पोलीस जीप घेऊन येतात, आणि ड्रॉइंगवर नाव असलेला पहिला माणूस उचलला जातो. त्याच्या ड्रॉइंगमध्ये खांब होता आणि तळमजल्यावरच्या गाळेवाल्याने तो रातोरात उडवला, हे सांगायला त्याला आधी जामीन लागतो. घाटकोपरच्या साईदर्शनमध्ये २०१७ ला सतरा माणसं गेली ती तळमजल्यावर खांबांशी झालेल्या खेळाने.

मसुद्यांची वाट पाहण्यात पिढ्या जातील, म्हणून मी एक स्वस्तातला उपाय सुचवतो. दर पावसाळ्याआधी पालिका आणि म्हाडा धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात. इमारतीचं नाव, पत्ता, आणि रहिवाशांनी त्वरित स्थलांतर करावे ही नेहमीची विनंती. त्या यादीत एक रकाना वाढवा: या इमारतीला याआधी सुरक्षित कुणी ठरवलं होतं, कोणत्या तारखेला. ३५३-ब खालची प्रमाणपत्रं पालिकेकडेच जमा होतात, शोधायला लांब जायला नको. शेजारी दुसरा रकाना: टॅकने खोटे पाडलेले सी-वन कुणाच्या सहीचे. दोष द्यायचा नाही, विशेषण लावायचं नाही. नुसतं नाव आणि तारीख.

पहिल्या वर्षी यादी कोर्टात जाईल. दुसऱ्या वर्षी स्थगिती उठेल. तिसऱ्या वर्षी सोसायटीच्या सभेत कोटेशन घेऊन आलेला इंजिनिअर सेक्रेटरीला विचारेल, कोअर किती काढायचे, आणि त्याचे पैसे धरले नसतील तर मी निघतो.